गुळवेल, देणगी आणि बिलबुक

गुळवेल ही तशी फुकटची वेल. शहापूर-मुरबाडच्या रानात ती झाडाझाडांवर चढलेली दिसते. कापली तरी लोंबत्या मुळ्या सोडून पुन्हा जीव धरते, म्हणून आयुर्वेदाने तिला ‘अमृता’ म्हटले. 2020मध्ये करोनाची साथ आली, घरोघरी काढे उकळू लागले आणि रानातली ही वेल पोत्यांत भरून ट्रकमध्ये चढली. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी तोवर ‘आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था’ या नावाने काम सुरू केले होते. केंद्र सरकारच्या ट्रायफेड या संस्थेच्या वन धन योजनेचा त्यांना आधार मिळाला. केंद्र सरकारने 2021मध्ये या गटाची यशकथा प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात 1.57 कोटी रुपयांच्या गुळवेलीच्या मागणीचा उल्लेख होता.

बातमीत कौतुक वेलीचे झाले, तरुणांच्या जिद्दीचे झाले. ट्रकबरोबर गेलेल्या कागदांविषयी कोणी बोलले नाही. औषध कंपनी माल पाहून खूश होते, पण पैसे सोडते ते कागद पाहून. खरेदीची ऑर्डर, माल पोचल्याचे चलन, काट्याची पावती, बिल आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते ही साखळी जुळली की रक्कम येते. एक कडी निसटली की फाइल कंपनीच्या लेखा विभागात पडून राहते आणि इकडे वेल गोळा करणारी बाई पाड्यावर पैशांची वाट पाहत बसते.

छोट्या सामाजिक संस्थांची गाडी नेमकी इथे अडते. माणसे तळमळीची असतात, काम डोळ्यांना दिसते, पण बिल कसे करायचे हे कोणी शिकवलेले नसते. ‘आपली संस्था ना नफा तत्त्वावर चालते, मग आपण बिल कसे द्यायचे?’ ही शंका तर पहिल्याच बैठकीत निघते. तिचे उत्तर सरळ आहे. ना नफा म्हणजे उरलेला पैसा सभासदांनी वाटून घ्यायचा नाही, तो संस्थेच्या उद्दिष्टावरच लावायचा. माल विकला किंवा सेवा दिली तर त्याचे मोल मागायला कायद्याची आडकाठी नाही. अट एवढीच, की कुठला पैसा कुठल्या नात्याने आला हे कागदाने स्पष्ट सांगितले पाहिजे.

एक संस्था, चार प्रकारचा पैसा

समजा, शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत काम करणारी पाच-सहा कार्यकर्त्यांची एक संस्था आहे. एकाच महिन्यात तिच्याकडे चार ठिकाणांहून पैसे येतात. ठाण्यातल्या एक निवृत्त शिक्षिका वडिलांच्या स्मरणार्थ 5,000 रुपये देतात. एक कंपनी आश्रमशाळेतल्या वाचनालयासाठी सीएसआरमधून 3 लाख देऊ करते. शेजारच्या जिल्ह्यातली एक संस्था आपल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण द्यायला बोलावते आणि 60,000 रुपये मानधन ठरते. शिवाय बचत गटांची नाचणी, मध आणि गुळवेल एका दुकानदाराला विकली जाते.

खजिनदाराच्या पिशवीत मात्र पावतीपुस्तक एकच. देणगी आली, फाड पावती. माल विकला, फाड पावती. कंपनीचा चेक आला, त्याचीही पावती फाड. वर्षअखेर सीए विचारतात, ‘यातली देणगी किती आणि विक्री किती?’ तेव्हा स्थळप्रती चाळत बसायची वेळ येते आणि अर्ध्या पावत्यांवर ‘संस्थेस मिळाले’ यापलीकडे काहीच लिहिलेले नसते.

बिल आणि पावती यांतला फरक किराणा दुकानात सगळ्यांना कळतो, संस्थेच्या कार्यालयात तो विसरला जातो. बिल ही मागणी आहे: आम्ही अमुक दिले, त्याचे इतके येणे आहे. पावती ही पोच आहे: तुमचे इतके मिळाले. विक्रीत आणि सेवेत आधी बिल, मग पैसे, मग पावती. देणगीत बिल नाहीच, फक्त पावती. ठरावीक कामासाठी मिळणाऱ्या अनुदानात सुरुवातीला करारपत्र आणि निधीचे मागणीपत्र, रक्कम आल्यावर पावती आणि काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. एवढी विभागणी पक्की झाली की पुढची निम्मी गुंतागुंत सुटते.

कंपन्यांशी व्यवहार करताना एक फसगत हमखास होते. सीएसआरचा निधी मंजूर होतो आणि कंपनीच्या लेखा विभागातून निरोप येतो, ‘इन्व्हॉइस पाठवा’. त्यांना रोज पुरवठादारांची बिले पाहायची सवय, म्हणून तो शब्द येतो. संस्थेने भाबडेपणाने ‘वाचनालयाचे काम, रुपये 3,00,000’ असे बिल पाठवले, तर अनुदानाचे रूप कंत्राटासारखे होते. मग कंपनी त्यातून टीडीएस कापते, जीएसटीचा प्रश्न उभा राहतो आणि वर्षअखेर ही रक्कम देणगीत धरायची की सेवाशुल्कात, यावर वाद होतो. अशा वेळी करारपत्राचा दिनांक, हप्त्याचा क्रमांक, रक्कम, बँक खात्याचा तपशील आणि ‘हे अनुदान आहे, कोणत्याही सेवेचा मोबदला नाही’ हे वाक्य असलेले मागणीपत्र पाठवावे. सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 या अर्जाने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. हा नियम 1 एप्रिल 2021पासून आहे. तो नोंदणी क्रमांकही मागणीपत्रावर असावा.

देणगीच्या पावतीत काय हवे

देणगीची परंपरा या मुलखाला नवी नाही. मुंबईच्या शिक्षणाला आणि सार्वजनिक संस्थांना सढळ हाताने मदत करणाऱ्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजी मुरबाडला झाला. नानांच्या काळात देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत. आज देणारा पुण्यात, दुबईत किंवा डोंबिवलीत असतो, संस्था मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याला असते आणि दोघांमध्ये ओळखीचा पुरावा म्हणून फक्त पावती असते.

त्या पावतीवर संस्थेचे नाव, पत्ता, धर्मादाय नोंदणी क्रमांक, पॅन आणि 80जी मान्यतेचा क्रमांक छापलेला हवा. देणगीदाराचे नाव, पत्ता आणि पॅन हाताने लिहून घ्यावे. रक्कम आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही. रोख, चेक की ऑनलाइन, हे लिहावे. ऑनलाइन असेल तर व्यवहार क्रमांक टाकावा. आणि देणगी कशासाठी, सर्वसाधारण कामासाठी, एखाद्या ठरावीक उपक्रमासाठी की कायम निधीत, हे देणाऱ्यालाच विचारून लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत जास्त वेळा कोरा राहतो आणि पुढे सर्वांत जास्त त्रास तोच देतो. 5,000 रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या रोख पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावण्याची जुनी रीत कायद्यात अजून जिवंत आहे, पण मोबदल्याविना दिलेल्या देणगीला ती लागू नाही.

2,000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणगीदाराला 80जीची करसवलत मिळत नाही. एकाच व्यक्तीकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे तर आयकर कायद्याने बंदच केले आहे. धान्य, चादरी, जुने संगणक अशा वस्तुरूप देणगीला 80जी लागू नाही. तिची पोच द्यावी, पण पोचेवर रुपयांचा आकडा न घालता ‘तांदूळ, 25 किलोच्या 4 गोण्या’ असे लिहावे आणि साठा नोंदवहीत चढवावे.

पूर्वी पावती दिली की संस्थेची जबाबदारी संपत असे. आता तसे नाही. 80जी मान्यता असलेल्या संस्थेने वर्षभरातल्या देणग्यांचे विवरण आयकर खात्याच्या संकेतस्थळावर भरायचे आणि तिथून निघणारे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे असते. संस्थांच्या वर्तुळात ही कागदपत्रे ‘10बीडी’ आणि ‘10बीई’ या नावांनी ओळखली जाऊ लागली. त्यांची मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंतची आणि उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क. पावती फाडतानाच पॅन घेतला नसेल तर मे महिन्यात, ऐन टंचाईच्या दिवसांत, कार्यकर्ते टँकरचे नियोजन सोडून देणगीदारांना फोन लावत बसतात.

बिलाचा साचा आणि क्रमांक

विक्रीचे किंवा सेवेचे बिल साधे असावे, पण अपुरे नसावे. संस्थेचे नाव, पत्ता, पॅन, बिल क्रमांक, दिनांक, ज्याला बिल दिले त्याचे नाव-पत्ता, त्याच्या ऑर्डरचा किंवा पत्राचा क्रमांक, मालाचे वर्णन, परिमाण, दर, एकूण रक्कम, पैसे कधीपर्यंत द्यायचे, बँकेचा तपशील आणि अधिकृत सही. प्रशिक्षणाचे बिल असेल तर ‘प्रशिक्षण शुल्क’ एवढेच न लिहिता तारखा, गाव, विषय आणि उपस्थितांची संख्या द्यावी आणि हजेरीपत्रकाची प्रत जोडावी. रक्कम का ठरली हे बिल वाचूनच समजले, तर विचारणा करणारा फोन येत नाही.

क्रमांकाची शिस्त सर्वांत मोलाची. प्रत्येक आर्थिक वर्षात 1 एप्रिलला मालिका 001 पासून सुरू करावी. बिलांना ‘बि/25-26/014’, देणगीच्या पावत्यांना ‘दे/25-26/014’ अशी वेगळी ओळख द्यावी. जीएसटी नोंदणी असलेल्या संस्थेचा बिल क्रमांक 16 अक्षरांपेक्षा लांब चालत नाही आणि एका वर्षात तो पुन्हा येऊ शकत नाही. नोंदणी नसली तरी हीच सवय लावून घेतलेली बरी. चुकलेले बिल फाडून टाकायचे नाही. त्यावर आडवे ‘रद्द’ लिहून सगळ्या प्रती पुस्तकातच ठेवायच्या. क्रमात खंड दिसला की तपासणाऱ्याच्या मनात पहिली शंका तिथेच येते.

आयकराच्या नियमांत ऑगस्ट 2022मध्ये 17एए हा नियम आला. धर्मादाय संस्थांनी कोणत्या वह्या आणि कागद ठेवायचे, याची यादीच त्याने दिली. रोजकीर्द, खतावणी, दिलेल्या बिलांच्या क्रमांकित प्रती, पावत्यांच्या स्थळप्रती, केलेल्या खर्चाची मूळ बिले हे सगळे त्यात आहे. हे कागद संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून 10 वर्षे जपून ठेवायचे आहेत. 1961च्या आयकर कायद्याची जागा घेण्यासाठी 2025मध्ये नवा कायदा संमत झाला आणि त्याची अंमलबजावणी 1 एप्रिल 2026पासून ठरली. कलमांचे आणि अर्जांचे आकडे अशा वेळी बदलतात, म्हणून आकडा सीएंना विचारून घ्यावा. क्रमांकित बिल आणि जपलेली स्थळप्रत मात्र प्रत्येक कायद्यात लागतेच.

शहापूर आणि मुरबाड अशी दोन केंद्रे असलेल्या संस्थेला आणखी एक काळजी घ्यावी लागते. शहापूरला आसनगाव स्थानकावरून लोकलने जाता-येता येते, मुरबाडचा संबंध कल्याणशी रस्त्याने. दोन्ही ठिकाणचे कार्यकर्ते महिन्यातून एकदा भेटले तरी पुष्कळ. एकच पुस्तक इकडून तिकडे फिरवले तर तारखा मागेपुढे होतात. म्हणून दोन्ही केंद्रांना वेगळी पुस्तके आणि वेगळी मालिका द्यावी आणि कोणते पुस्तक, कुठून कुठपर्यंतच्या क्रमांकाचे, कोणाकडे, कोणत्या तारखेला दिले याची वाटप नोंदवही ठेवावी. पुस्तक संपले की परत जमा करूनच दुसरे मिळेल, हा नियम अध्यक्षांनाही लागू हवा.

54,000चे कोडे

प्रशिक्षणाच्या 60,000 रुपयांचे बिल दिले आणि खात्यात 54,000 आले, तर नवा लेखनिक गोंधळतो. काही जण 54,000चीच नोंद करून मोकळे होतात. चूक इथेच होते. व्यावसायिक सेवेचा मोबदला देताना समोरच्याने 10 टक्के टीडीएस कापला आणि 6,000 रुपये संस्थेच्या पॅनवर सरकारकडे भरले. संस्थेचे उत्पन्न 60,000च आहे. वहीत 60,000 जमा, त्यातले 54,000 बँकेत आणि 6,000 ‘टीडीएस येणे’ असे लिहायचे. आयकर खात्याच्या 26एएस या उताऱ्यात ती रक्कम दिसते का ते दर तीन महिन्यांनी पाहायचे. विवरणपत्र वेळेत भरले आणि कर लागत नसेल तर ती रक्कम परत मिळते. ज्या संस्था हे पाहतच नाहीत, त्यांचे हक्काचे पैसे सरकारकडे तसेच राहतात.

जीएसटीविषयी दोन टोकांचे गैरसमज आढळतात. ‘धर्मादाय संस्थेला जीएसटी नसतोच’ हे एक टोक आणि ‘बिल दिले की जीएसटी लावलाच पाहिजे’ हे दुसरे. आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या संस्थेच्या धर्मादाय सेवांना सूट आहे, पण धर्मादाय म्हणजे काय याची यादी अरुंद आहे. पर्यावरण, पाणलोट, वने आणि वन्यजीव यांचे जतन तिच्यात आहे. अनाथ मुले, अत्याचारग्रस्त, कैदी आणि ग्रामीण भागातील 65 वर्षांवरील व्यक्ती यांच्यासाठीचे शैक्षणिक वा कौशल्यविकासाचे काम आहे. एड्स, व्यसनाधीनता, गंभीर अपंगत्व अशा बाबतींतले समुपदेशन आणि काळजी आहे. आदिवासी तरुणांना शिवणकाम शिकवून त्यासाठी एखाद्या कंपनीकडून शुल्क घेणे या यादीत आपोआप बसत नाही.

मात्र यादीत न बसणाऱ्या प्रत्येकाला लगेच नोंदणी करावी लागते, असेही नाही. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत नोंदणीतून मोकळीक आहे. आपल्या कल्पित संस्थेसारखी जी मालही विकते आणि प्रशिक्षणाचे शुल्कही घेते, तिच्यासाठी 20 लाखांचीच मर्यादा धरायची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. करपात्र माल राज्याबाहेर विकला तर मर्यादेची सवलतच राहत नाही, हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंचा अपवाद सोडून. गुळवेल दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला पाठवायची असेल तर पहिला ट्रक निघण्याआधीच सल्लागाराशी बोललेले बरे. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटीची ओळ टाकून ग्राहकाकडून कर घेणे कायद्याने निषिद्ध आहे. संगणकावर कुठून तरी उतरवलेल्या तयार बिलाच्या साच्यात ती ओळ असते आणि कोणी ती पुसत नाही.

देणगीला जीएसटी नाही, पण देणाऱ्याला बदल्यात काय मिळते हे महत्त्वाचे. केंद्र सरकारच्या 11 ऑक्टोबर 2019च्या परिपत्रकाने हे उदाहरणांसह समजावले. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून खोली बांधली आणि दारावर तसा मजकूर लिहिला, तर ती कृतज्ञता आहे, तिथे कर नाही. देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात झाली तर मात्र तो जाहिरातीच्या सेवेचा मोबदला ठरतो. शाळेच्या भिंतीवर कंपनीचे नाव लिहिण्याआधी कार्यकर्त्यांनी हा फरक डोक्यात ठेवावा.

खरेदीची पावती

बिलाची चर्चा नेहमी येणाऱ्या पैशांभोवती फिरते. शहापूर-मुरबाडमध्ये जाणाऱ्या पैशांचा कागद त्याहून नाजूक आहे.

महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिवासी जमातींपैकी कातकरी एक. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, अशी नावाची ओळख. जंगलावरचा तो व्यवसाय सुटला आणि अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जाऊ लागली. पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. उचल किती, फिटली किती, उरली किती, हे मालकाच्या वहीत. मजुराच्या हातात कागद नाही. वेठबिगारी कायद्याने 1976मध्ये बंद झाली, तरी एकाच बाजूला राहणारी ती वही पुढेही राहिली.

हे लक्षात घेतले की गुळवेल आणून देणाऱ्या बाईला दिलेली खरेदीची पावती केवळ ऑडिटसाठी नसते, हे समजते. रानातून गोळा केलेल्या मालाचे दुकानदाराने दिलेले बिल असूच शकत नाही, म्हणून संस्थेने स्वतःच दोन प्रतींचे खरेदी व्हाउचर करावे. त्यावर दिनांक, नाव, पाडा, मालाचा प्रकार (ओला की सुका), वजन, दर, रक्कम आणि सही किंवा अंगठा. एक प्रत तिच्या हातात, दुसरी संस्थेकडे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि वजन तिच्या डोळ्यांदेखत व्हावे. ओली गुळवेल सुकली की वजन घटते. ही घट किती धरायची हे हंगामाच्या आधी गटाच्या बैठकीत ठरवून लिहून ठेवले नाही, तर विक्रीच्या बिलातले किलो आणि खरेदीच्या व्हाउचरांतले किलो कधीच जुळत नाहीत.

सीए जुळणी करतात ती अशीच. खरेदी, घट, साठा आणि विक्री यांची बेरीज बसली पाहिजे. वन धन योजनेत एका केंद्रात साधारण 300 सभासदांची कल्पना आहे, प्रत्येकी 20 जणांचे 15 बचत गट. एवढ्या लोकांचे पैसे तोंडी हिशेबावर चालत नाहीत. शिवाय संस्था असा व्यवसाय करत असेल तर त्याची हिशेबाची पुस्तके देणगीच्या पुस्तकांपासून वेगळी ठेवावीत, अशी आयकर कायद्याची अट आहे.

रोखीचेही बंधन आहे. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च संस्थेच्या उद्दिष्टावरचा खर्च म्हणून धरला जात नाही. पाड्यावरच्या बाईला क्वचितच एवढी रक्कम मिळते, पण मंडपवाल्याला सहज जाते.

क्यूआर कोड कोणाच्या नावाचा?

मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव 1 डिसेंबर 2016 रोजी राज्यातले पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीनंतरचे ते दिवस. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार गावात आले, बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने दुकानांत कार्ड घासायची यंत्रे बसली. वर्षभरात रोख पुन्हा गल्ल्यात परतल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर यूपीआयने जे केले ते यंत्रांना जमले नव्हते. आज वडापावच्या गाडीवरही क्यूआर कोड चिकटवलेला असतो.

संस्थेसाठी इथे नवा धोका आहे. कार्यक्रमात घाईघाईने एखादा कार्यकर्ता स्वतःच्या मोबाइलचा कोड पुढे करतो. पैसे त्याच्या खात्यात जातात, तो प्रामाणिकपणे दुसऱ्या दिवशी भरतोही, पण बँकेच्या नोंदीत देणगीदाराचे नाव नसते, कार्यकर्त्याचे असते. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, तोही छापून, फलकावर लावलेला. आलेली रोख दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. त्या रोखीतूनच चहा-नाश्ता आणि एसटीचे भाडे भागवू नये. खर्चासाठी किरकोळ रोकड वेगळी काढावी आणि तिची वेगळी वही ठेवावी. परदेशातून येणाऱ्या देणग्यांची वाट तर पूर्ण वेगळी. एफसीआरएची परवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. दुबईच्या देणगीदाराचा पासपोर्ट भारतीय असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून पैसे घेण्याआधी नागरिकत्व विचारावे.

लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा

शिवकाळात अमात्य म्हणजेच मुजुमदार राज्याचा जमाखर्च तपासत, तर दफ्तरात लिहिणारे हात निराळे असत. पाच माणसांच्या संस्थेतही ही विभागणी जमते. बिल करणारी एक व्यक्ती, त्यावर सही करणारी दुसरी, बँकेचा उतारा आणि वही ताडून पाहणारी तिसरी. तिसरी व्यक्ती विश्वस्त असली आणि महिन्यातून एकदा दोन तास बसली तरी पुरे.

त्याच बैठकीत थकलेल्या बिलांची यादी मांडावी: बिल क्रमांक, कोणाकडून येणे, किती दिवस झाले, शेवटचे बोलणे कधी आणि कोणाशी. काम संपल्यावर आठवड्याच्या आत बिल गेले पाहिजे. जीएसटी नोंदणी असलेल्याला सेवेचे बिल 30 दिवसांत द्यावे लागते. तीन महिन्यांनी पाठवलेले बिल पाहून समोरच्यालाही घाई वाटत नाही. मुदत टळली की आधी फोन, मग ईमेल, मग सहीचे पत्र. सामाजिक संस्थांना पैसे मागायचा संकोच वाटतो. या तीन पायऱ्या आधीच ठरलेल्या असल्या तर संकोच कमी होतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950चा. त्यानुसार नोंदणीकृत संस्थेने दर वर्षी 31 मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचे असते. लेखापरीक्षक कोणते प्रश्न विचारील हे नियमांतच लिहून ठेवले आहे: हिशेब नियमित आहेत का, जमा आणि खर्च नीट दाखवले आहेत का, तपासणीच्या दिवशीची शिल्लक रोकड आणि व्हाउचर वहीशी जुळतात का. ही प्रश्नपत्रिका वर्षभर आधी हातात असते. वरच्या सवयी लागलेल्या संस्थेला सप्टेंबरमध्ये रात्री जागाव्या लागत नाहीत.

सुरुवातीला महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. व्यवहार शे-दोनशेच्या वर गेले की टॅली किंवा तसे काही घ्यावे. तोवर संगणकावरचा साधा तक्ता चालतो. पावत्यांची आणि बिलांची पुस्तके मात्र छापील हवीत: वीज गेली आणि रेंज नसली तरी कार्बनची प्रत निघते. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या छापखान्यात तीन पुस्तके छापून घ्यावीत: देणगीची पावती, बिल आणि खरेदी व्हाउचर. तिन्हींचा रंग वेगळा असला की पिशवीतून चुकीचे पुस्तक निघत नाही. ऑर्डर मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यावी, कारण वर्षअखेरीला छापखान्यांत गर्दी असते आणि क्रमांक 001ची पहिली पावती 1 एप्रिललाही लागू शकते.